तारापूरचं आयोडीन जातं कुठे?

मा. राज्यमंत्री, अणुऊर्जा विभाग, भारत सरकार यांस,

स. न. वि. वि.

तारापूर म्हटलं की सगळ्यांना वीजकेंद्र आठवतं. त्याच्या शेजारी वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढणारा पुनर्प्रक्रिया प्रकल्प आहे, त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. वर्षाला 100 टन इंधन हाताळणाऱ्या नव्या प्रकल्पाचं उद्घाटन 7 जानेवारी 2011 रोजी झालं, तेव्हा बातमी आली तेवढीच.

तिथे वापरलेल्या इंधनाच्या कांड्या कापून गरम नायट्रिक आम्लात विरघळवतात. त्यातलं किरणोत्सारी आयोडीन वायूंबरोबर वर निघतं. आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून इंधन विरघळवण्याआधी पुरेसे महिने नुसतं ठेवून दिलं की त्याची चिंता उरत नाही. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या अण्वस्त्र प्रकल्पात मात्र डिसेंबर 1949 मध्ये जेमतेम 16 दिवस ठेवलेलं इंधन मुद्दाम विरघळवून हजारो क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं माप) आयोडीन-131 वाऱ्यावर सोडलं. लोकांना ते कळायला 1986 उजाडलं.

त्याच वायूंतलं दुसरं किरणोत्सारी आयोडीन, आयोडीन-129, निम्मं व्हायला मात्र 1 कोटी 57 लाख वर्षं लागतात. त्याचा किरणोत्सार सौम्य आहे, उगाच घबराट नको. पण थांबून ते संपत नाही, अडवावंच लागतं. चांदीयुक्त शोषकातून वायू नेला की ते सिल्व्हर आयोडाइड होऊन अडकतं. चांदी महाग. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू धुणं स्वस्त, पण ते धुवण समुद्रात गेलं तर चिमणीतली घाण पाइपात ढकलली, इतकंच. फ्रान्समधल्या ला हागच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पातून समुद्रात सोडलेलं आयोडीन-129 शास्त्रज्ञांना आर्क्टिकपर्यंत सापडतं. तरी तिथले उत्सर्जनाचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात.

आपल्याकडे तारापूरचा हा प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राचा, आणि त्या केंद्राचे प्रकल्प 2000 पासून अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत नाहीत. चालवणारे आणि तपासणारे एकाच घरचे!

तारापूरचं आयोडीन चांदीत अडकतं की समुद्रात जातं, आणि वर्षाला किती, हे जाहीर करा. उत्सर्जनाच्या आकड्यांवरून किती इंधन विरघळवलं याचा अंदाज बांधता येतो, ही आपली अडचण मी समजू शकतो. मग निदान घिवली, दांडी, नवापूरच्या किनाऱ्यावरची मासळी, शेवाळ आणि आसपासच्या गोठ्यांतलं दूध यांतलं आयोडीन-129 तरी सांगा. त्यातून कुठलंही गुपित फुटत नाही. तारापूरला पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहेच. आकडे मराठीत, दरवर्षी, ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावेत, आणि पहिला तक्ता येत्या अधिवेशनात पटलावर यावा.

आपला,
बोईसरचा एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक