संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस थंड असताना सुरू होत नाही. 'नो फॉल्ट फाउंड' हा शेरा मला मान्य नाही

सांगली
दिनांक : २० जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील ६५० वॉटचा एसएमपीएस सकाळी सुरू होत नसल्याबाबत, सेवा केंद्राने तो न बदलता परत पाठवल्याबाबत

महोदय / महोदया,

मार्च २०२३ मध्ये आपल्या कंपनीचा ६५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा एसएमपीएस मी इथल्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला. खोक्यावर पाच वर्षांची वॉरंटी छापलेली आहे. गेल्या नोव्हेंबरात थंडी सुरू झाल्यापासून हा एसएमपीएस सकाळी धड सुरू होत नाही. आपल्या सेवा केंद्राकडे मी तो दोनदा कुरिअरने पाठवला. दोन्ही वेळा 'टेस्टेड ओके, नो फॉल्ट फाउंड' अशी चिठ्ठी लावून तोच नग परत आला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी तोच त्रास झाला. फोनवर याचे उत्तर मिळेना, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी बिघाड कसा दिसतो ते सांगते. रात्री बंद केलेला संगणक सकाळी सुरू करायला बटन दाबले, की एसएमपीएसमधून बारीक 'टिक' ऐकू येते, कॅबिनेटचे पंखे जेमतेम अर्धा फेरा घेतात आणि थांबतात. मदरबोर्डवरचा दिवा मात्र लागलेलाच राहतो. पुन्हा बटन दाबून उपयोग होत नाही. एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करायचा, तो दिवा विझेपर्यंत थांबायचे, स्विच चालू करून परत बटन दाबायचे. असे बऱ्याच वेळा केल्यावर एकदाचा संगणक सुरू होतो आणि मग रात्रीपर्यंत कितीही काम घ्या, एकदाही बंद पडत नाही. दुपारी मुद्दाम बंद करून लगेच चालू केला तर पहिल्या दाबाला सुरू होतो. एखाद्या दिवशी आम्ही गावाला गेलो आणि यंत्र दोन रात्री बंद राहिले, तर त्यानंतरची सकाळ सगळ्यांत वाईट जाते.

दोष नेमका कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, याकडे आपल्या तंत्रज्ञांनी लक्ष द्यावे एवढेच माझे मुख्य म्हणणे आहे. यंत्र थंड असते तेव्हाच तो दिसतो.

हा संगणक मी आणि माझ्या भाच्याने घरी जोडला आहे. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक एसएसडी आणि एक साधे ग्राफिक कार्ड. माझा घरून डीटीपीचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तके अशी कामे मी करते. हौसेसाठी लागलेले हे यंत्र नाही, त्यावर घर चालते.

आपल्या सेवा केंद्रातून मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "मॅडम, पीसी असेंबल कोणी केला?" घरी केला म्हटल्यावर पुढचे उत्तर ठरलेलेच होते. "मग मदरबोर्डचा किंवा जोडणीचा प्रॉब्लेम असणार, आमचा माल ओके आहे." म्हणून एसएमपीएसपर्यंत मी कशी पोहोचले हे इथे नोंदवते. आपल्या दारात येण्याआधी बाकी सगळ्या शक्यता मी पडताळल्या आहेत.

भिंतीवरचा सॉकेट बदलून पाहिला, पॉवर केबल बदलली, एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाकला. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले, ते व्यवस्थित आहे. मग सगळे भाग कॅबिनेटबाहेर काढून मदरबोर्ड कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला. ५६००जी मध्ये डिस्प्लेची सोय प्रोसेसरमध्येच असते, त्यामुळे ग्राफिक कार्ड काढले, एसएसडी काढली, एकच रॅम ठेवली. कॅबिनेटचे बटन खराब असेल ही शंकाही राहू नये म्हणून मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून सुरू करून पाहिले. सकाळी तोच प्रकार. रॅम आलटून पालटून लावल्या, बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम, मूळ सेटिंगवर आणले, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल नवा घातला. काही फरक नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रॅम किंवा बायोसचा दोष असता तर पंखे फिरत राहिले असते आणि फक्त डिस्प्ले आला नसता, मदरबोर्डवरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा, दिवा लागून राहिला असता. इथे पंखेच थांबतात.

माझ्या थोरल्या भावाचे सगळे आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेले. एका सकाळी तो मल्टिमीटर घेऊन आला. आपल्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या आहेत, रंगावरून काही कळत नाही, म्हणून २४ पिनांच्या प्लगमधले क्रमांक मोजून त्याने मागच्या बाजूने प्रोब घातले. नऊ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय, म्हणजे संगणक बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा, स्थिर होता. सोळा क्रमांकाची पिन म्हणजे मदरबोर्ड जिथून एसएमपीएसला 'सुरू हो' असे सांगतो ती. बटन दाबताच तिच्यावरचा व्होल्टेज शून्यावर आला आणि तिथेच राहिला. म्हणजे मदरबोर्डने आपले काम केले होते. पण दहा क्रमांकाच्या पिनेवर, जिथे १२ व्होल्ट यायला हवेत, तिथे आकडा क्षणभर उसळला आणि परत शून्यावर गेला. आठ क्रमांकाच्या पिनेवरचा 'पॉवर ओके', म्हणजे वीज नीट येत असल्याचा, सिग्नल आलाच नाही. संगणकाच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवी आणि सुरू होण्याचा आदेश मिळाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत ती तिथे पोहोचायला हवी. दुपारी तीच मोजणी केली तर १२.१ व्होल्ट आले आणि 'पॉवर ओके' लगेच आला.

आपल्या माणसांनी यावरही असे म्हटले असते, की मदरबोर्ड जास्त करंट ओढत असेल आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असेल. ही शंका रास्त आहे, म्हणून तीही तपासली. भाच्याने मित्राकडून ५५० वॉटचा दुसरा एसएमपीएस आणला. तो माझ्या संगणकाला लावल्यावर आठवडाभर रोज सकाळी पहिल्या दाबाला संगणक सुरू झाला. त्याच आठवड्यात आपला एसएमपीएस त्या मित्राच्या संगणकाला लावला होता. तिथे मदरबोर्ड वेगळा, प्रोसेसर वेगळा, रॅम वेगळी, घरही वेगळे. त्याच्याकडे रोज सकाळी तोच 'टिक' आणि तोच अर्धा फेरा. दोन्ही ठिकाणी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ मी आपल्याला पाठवलेले आहेत. ते कोणी उघडून पाहिल्याचे मला सेवा केंद्राच्या एकाही उत्तरात दिसले नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते.

शेवटी भावाने आणखी एक गोष्ट केली, जी जुने मेकॅनिक नेहमी करतात. थंड सकाळी, दोनदा सुरू व्हायला नकार दिल्यावर, त्याने केस वाळवायच्या ड्रायरने एसएमपीएसच्या जाळीतून थोडा वेळ कोमट हवा सोडली. त्यानंतर पहिल्या दाबाला संगणक सुरू झाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसेच.

यातून काय निघते ते आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार. एसएमपीएसमध्ये वीज साठवून ठेवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतले द्रावण थंड झाले किंवा सुकत आले, की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. सुरू होताना एकदम लागणारा करंट तो पुरवू शकत नाही, व्होल्टेज कोसळतो आणि संरक्षणाचे सर्किट सगळे बंद करते. थोडी ऊब मिळाली की तोच कपॅसिटर दिवसभर निभावतो. हे जुने आणि ओळखीचे लक्षण आहे. एसएमपीएस उघडून पाहण्याचा आग्रह मला आपल्याच सेवा केंद्रातल्या एकाने फोनवर केला होता. सील तुटले तर वॉरंटी जाते असे आपल्याच कार्डावर लिहिले आहे. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर व्होल्टेज साठून राहू शकतो. घरात बसून ग्राहकाने ते उघडावे असे कंपनीच्या माणसाने सुचवणे धोक्याचे आहे, हे कृपया त्यांना समजावून सांगावे.

आता सेवा केंद्रातल्या तपासणीबद्दल. परत आलेल्या खोक्यातील चिठ्ठीवर फक्त शिक्का आहे. किती भार लावला, किती वेळ चालवला, किती तापमानाला सुरू केला, यातले काहीच नाही. मी फोनवर विचारले तेव्हा कळले, की प्लगमध्ये बोटाएवढा टेस्टर खुपसून दिवे लागले की माल 'ओके' धरतात. अशा टेस्टरने एसएमपीएसवर जवळजवळ भारच येत नाही. माझा एसएमपीएसही त्या टेस्टरवर सकाळी पास होतो, हे भावाने करून पाहिले आहे. भार न लावता दमदार ठरवणे म्हणजे रिकामी बैलगाडी ओढायला लावून बैल विकत घेण्यासारखे आहे. त्यातून खोके कुरिअरच्या गाडीतून आलेले, दुपारी उघडलेले, पाठोपाठ दोन-तीनदा सुरू केलेले. या पद्धतीने माझा दोष सापडणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या वेळच्या ईमेलमध्ये '८० प्लस प्रमाणित उत्पादन' असल्याचा दाखला देण्यात आला. ८० प्लसमध्ये एसएमपीएस वेगवेगळ्या भारावर, म्हणजे २०, ५० आणि १०० टक्क्यांवर, घेतलेल्या विजेपैकी किती वीज वाया न घालवता पुढे देतो हे मोजतात. गारठ्यात तो सुरू होतो की नाही याच्याशी त्या प्रमाणपत्राचा काही संबंध नाही. हे उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल तर त्याला ते सांगायला हवे, आणि माहीत असेल तर ते मला पाठवायला नको होते.

आणि 'असेंबल्ड पीसी' या मुद्द्याबद्दल मला ठामपणे लिहायचे आहे. आपला एसएमपीएस सुटा विकला जातो. खोक्यात चार स्क्रू, केबल बांधायच्या पट्ट्या आणि जोडणीची आकृती असते. ग्राहकाने तो स्वतः बसवावा म्हणूनच हे सगळे दिलेले असते. बिघाड झाल्यावर तीच गोष्ट ग्राहकाचा दोष म्हणून पुढे केली जाणे मला मान्य नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीपर्यंत आपला माल ज्या दुकानांत विकला जातो, त्यांचे बरेचसे गिऱ्हाईक माझ्यासारखेच सुटे भाग घेऊन जोडणारे आहे.

सध्या मी रात्री संगणक बंद करत नाही, कारण सकाळी आठला प्रेसचा माणूस फाइल घ्यायला येतो. ऐन लग्नसराईत पत्रिकेच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. रात्रभर यंत्र चालू ठेवायचे, मध्येच लाइट गेली तर यूपीएस किती वेळ टिकेल याची चिंता करायची, असे चालले आहे. मित्राचा एसएमपीएस परत केला आहे. नवा विकत घेणे मला अशक्य नाही, पण वॉरंटीची तीन वर्षे शिल्लक असताना मी तो का घ्यावा?

माझी मागणी अशी आहे. हा एसएमपीएस त्याच किंवा त्याहून वरच्या क्षमतेच्या नव्या नगाने बदलून द्यावा, दुरुस्त करून परत पाठवलेल्या जुन्या नगाने नव्हे. बदलून द्यायच्या आधी आपल्याला पुन्हा तपासायचेच असेल, तर तो रात्रभर थंड जागी बंद ठेवून, सकाळी खऱ्या मदरबोर्डवर किंवा पुरेशा भारावर पहिल्यांदा सुरू करताना तपासावा आणि मोजलेले आकडे मला लेखी द्यावेत. त्या तपासणीला मी किंवा माझा भाऊ स्वखर्चाने हजर राहायला तयार आहोत. तिसऱ्यांदा पाठवायचा असल्यास कुरिअर आपण घरून उचलावे आणि आधीच्या दोन्ही वेळचा कुरिअर खर्च मला परत मिळावा, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. माझ्या बुडालेल्या कामाची भरपाई मी आत्ता मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, याची मी चौकशी केली आहे. तिथवर जायची वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. पहिली दीड वर्षे या एसएमपीएसने उत्तम काम दिले, माझ्या शब्दावर दोन ओळखीच्यांनीही आपलाच माल घेतला. आज त्यांनी विचारले तर त्यांना काय सांगायचे, हे आपल्या उत्तरावर ठरेल.

आपली,
एक ग्राहक, सांगली

सोबत : खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड आणि अनुक्रमांकाच्या स्टिकरचा फोटो, सेवा केंद्राच्या दोन्ही चिठ्ठ्या, कुरिअरच्या पावत्या, दोन्ही संगणकांवरील व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह, मल्टिमीटरच्या नोंदींचा कागद.