जिना तेरा पायऱ्यांचा की अकरा?

प्रिय शमे,

चार महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, माफ कर गं. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पण काल जे झालं ते तुलाच कळेल, म्हणून रात्री साडेअकराला टाइप करत बसलेय.

सदाशिवातला आपला वाडा पाडला. नव्या बिल्डिंगच्या लॉबीत जुन्या वाड्याचं मोठं चित्र लावायचंय, ते काम माझ्याकडे आलंय. माडीचा जिना मी मनातून काढला, अरुंद, अंधारा, चढताना डावा हात भिंतीला घासणारच असा. तर आर्किटेक्ट पोरगा म्हणाला, मॅडम, हा चुकलाय. पाडायच्या आधी त्यांनी वाड्याचं लेझर स्कॅनिंग केलंय, किरण भिंतीवर आपटून परत येतो त्यावरून अंतर निघतं, आणि अशा लाखो ठिपक्यांचा अख्खा वाडा स्क्रीनवर फिरवता येतो. त्यात जिना चांगला रुंद, पायऱ्या अकरा. मी तेरा काढल्यात.

आपले चित्रकलेचे सर आठवले ना लगेच? विश्रामबागवाड्यात ते सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब दहा मिनिटं नुसते बघायचे, वही बंद, आणि टिळक रोडला वर्गात येऊन काढायचे. पॅरिसला लकॉक नावाचा चित्रकलेचा शिक्षक असंच शिकवायचा आणि शिल्पकार रोदँ त्याच्याच हाताखाली तयार झाला, हे सरांचं ठरलेलं वाक्य. आणि तू दादाचा कॅमेरा घेऊन गेलीस! आठ दिवस सर बोलले नव्हते तुझ्याशी. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा म्युझियममधला प्रयोग २०१४ मध्ये छापून आला, ज्या वस्तूंचा फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. हे वाचून तेव्हाच तुला फोन करणार होते, पण पुढे होतं की झूम करून एकच भाग टिपला तर तसं झालं नाही. तू तर खांबावरची नक्षीच जवळून टिपायचीस. तेव्हा ते भांडण तू जिंकलीस, जा.

पण शमे, कालपासून तो स्कॅन वीसेकदा फिरवला आणि आता डोळे मिटले की तोच करडा रुंद जिना दिसतो, माझा येतच नाही. भीती वाटते गं. स्कॅन केला तेव्हा वाडा रिकामा होता, आपल्या वेळी उजवीकडे प्रत्येक पायरीवर आजींचे रॉकेलचे डबे, रद्दीचे गठ्ठे असायचे, म्हणून तर डावीकडून अंग चोरून चढायचो. असायचे ना? आणि चौकातून ओसरीवर यायच्या दोन पायऱ्या मी जिन्यातच धरल्या असतील. की मीच बरोबर ठरावं म्हणून हे सगळं आत्ता रचतेय?

नव्या नोकरीचं अभिनंदन, चिन्मयच्या दहावीचं टेन्शन घेऊ नकोस, आईंच्या मोतीबिंदूचं काय झालं ते कळव.

एक कर. जुना अल्बम उघडू नकोस, मी स्कॅन पाठवणार नाहीये. पेन्सिल घे आणि तुला आठवतो तसा जिना काढून पाठव, डबे असतील तर डबे, नसतील तर नको. सोमवारी त्या पोराला उत्तर द्यायचंय.

तुझी,
मंजू