भावासोबत वेळही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचं बाजारभावाचं पान मी रोज वाचतो. आमच्या गावात पेपर एसटीनं येतो. सकाळची पहिली फेरी आली तर साडेसातला, नाही आली तर दुपारी. हॉटेलाच्या बाकड्यावर चहाचे दोन-चार डाग लागले की मग तो माझ्या हाती पडतो. एकोणीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दिवाणजी होतो, त्यामुळे पहिल्या पानाआधी भावाचं पान उघडायची खोड अजून गेलेली नाही. त्याच पानाबद्दल एक मागणी आहे. ती का, हे सांगायला थोडी जागा घेतो.

गोष्ट मागच्या नोव्हेंबरातली, वार रविवार. आमच्या गल्लीत खेडा खरेदीवाला गाडी घेऊन आला. शेजारच्या वहिनींकडे सहा क्विंटल कापूस मधल्या खोलीत आढ्याला टेकेपर्यंत भरलेला. लेकरं रात्री त्यावरच झोपत होती. दादा गेल्यापासून शेत त्याच पाहतात. शुक्रवारी ह्याच माणसानं सात हजार सांगितले होते. रविवारी सहा हजार सातशे म्हणाला.

"काहून कमी?" वहिनींनी विचारलं.

"काल रातच्याले अमेरिका तुटली ना, बाई. न्यूयॉर्क धडाधड खाली आलं."

मी ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, "काल शनिवार होता ना, भाऊ? शनिवारी अमेरिका बंद राहते."

तो हसला. "दिवाणजी, तुमचा जमाना गेला. आता सारं ऑनलाइन हाय. चोवीस घंटे चालू ऱ्हाते."

वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वेचणाऱ्या बायांची मजुरी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. "जाऊ द्या भाऊजी, मोजून घेऊ द्या," म्हणाल्या आणि कापूस काट्यावर चढला. तीनशे गुणिले सहा, अठराशे रुपये.

आता ह्या 'चोवीस घंटे' प्रकरणाचं खरं काय ते सांगतो. न्यूयॉर्कचा कापूस वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचा भाव आज ठरवणारा सौदा, ज्याला व्यापारी आयसीई म्हणतात, तो ऑनलाइन चालतो हे खरं, आणि दिवसाचे बरेच तास चालतो हेही खरं. हिवाळ्यात आपल्या घड्याळानं तो सकाळी ७.३० ला उघडतो आणि रात्री १२.५० ला बंद होतो. पण शुक्रवारचा व्यवहार मिटला, म्हणजे आपल्याकडे शनिवार लागून पन्नास मिनिटं झाली, की पुढचा सौदा सोमवारी सकाळी साडेसातला. शनिवारी रात्री तिथं भाव तुटायला माणूसच नसतो. सोयाबीनचंही तसंच. शिकागोचा बाजार हिवाळ्यात आपल्या सकाळी ६.३० ला उघडतो, संध्याकाळी पाऊण तास दम खातो आणि बरोबर त्याच १२.५० ला मिटतो. मोठ्या बाजारांपैकी रविवारी उघडतो तो सौदी अरबचा, त्यांचा आठवडा रविवार ते गुरुवार. तिथं कापसाचा भाव ठरतो, असं तर त्या गाडीवाल्यानंही सांगितलं नसतं.

दुसरा हिशेब तोंडी झाला पाहिजे म्हणून लिहितो. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंट असा असतो. आपली रुईची खंडी ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पौंड. हा ७८४ चा आकडा जिनिंगमधल्या कोणत्याही दिवाणजीला झोपेत विचारा. एक सेंट हलला की खंडीमागे ७ डॉलर ८४ सेंट हलले. डॉलर ८५ रुपये धरला तर ६६६ रुपये. शंभर किलो कापसातून चौतीस किलो रुई निघते असं धरा, म्हणजे एका सेंटला कापसाच्या क्विंटलमागे साधारण साठ-पासष्ट रुपये. वहिनींचे तीनशे रुपये कापायला न्यूयॉर्क एका रात्रीत पावणेपाच सेंट पडायला हवं होतं. एवढी पडझड झाली असती तर हिंगणघाटपासून आदिलाबादपर्यंत एकाही जिनिंगवाल्याला त्या रात्री झोप लागली नसती. आणि पडझड व्हायची तरी केव्हा, बंद बाजारात?

एक कबूल केलं नाही तर हे पत्र खोटं ठरेल. मी नोकरीत होतो तेव्हा गेटवर बंड्यांची रांग लागलेली असायची आणि मालक म्हणायचे, "सांग, मुंबईचा फोन अजून आला नाही." फोन येऊन गेलेला असायचा. मी बाहेर जाऊन तेच सांगायचो. दुपारपर्यंत बैल ताटकळले, माणसं उपाशी राहिली की भाव आपोआप उतरायचा. तेव्हा फोन मालकाच्या टेबलावर होता म्हणून शेतकऱ्याला कळायची सोय नव्हती. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण तिकडचं घड्याळ आपल्या घड्याळात बसवून कोणी देत नाही. म्हणून 'अमेरिका तुटली' हे अजून चालतं.

ह्या परक्या घड्याळाशी आपली सोयरीक जुनी आहे. खामगावला आगगाडी १८७० साली पोचली, मुंबई-लंडन समुद्रातली तार त्याच वर्षी जोडली गेली आणि न्यूयॉर्कचा कॉटन एक्स्चेंजही १८७० चाच. आपल्याकडच्या सट्टापट्टीवाल्यांच्या तोंडी 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द असतात ना, तेही तिकडचेच. मुंबईत मटका जन्मला तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर पैज लावण्यातून. तारेनं भाव यायचा आणि त्यावर अंक लागायचा. पुढं कापूस गळून पडला, अंक तेवढे राहिले. आमच्या गावात ह्या दोन शब्दांचा अर्थ शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, पण कापूस नक्की किती वाजता क्लोज होतो ते कोणाला विचारा!

गोंधळाची खरी जागा मात्र निराळी आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं आणतात. आपण काहीच करत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कचा शेअर बाजार उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७ ते रात्री १.३० आणि हिवाळ्यात ८ ते २.३० असा होतो. कापूस आणि सोयाबीन उन्हाळ्यात रात्री ११.५० ला मिटतात, हिवाळ्यात १२.५० ला. लंडनवाले घड्याळ हलवतात ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे वर्षातून दोनदा काही दिवस असे येतात की लंडन एका चालीत आणि न्यूयॉर्क दुसऱ्या. आता पाहा, नोव्हेंबरचा बदल नेमका कोणत्या हंगामात येतो? पहिली वेचणी घरात आलेली, सोयाबीन नुकतं निघालेलं, दिवाळीची उधारी डोक्यावर. वर्षभरात ज्या महिन्यात वेळ माहीत असायला हवी त्याच महिन्यात ती सरकते.

आता आपल्या पेपराकडे येतो. आमच्याकडे येणारी आवृत्ती रात्रीच छापून निघत असणार, नाहीतर ती पहाटे एसटी स्टँडवर कशी पोचेल? म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्क मिटायच्या आधी अंक छापून झालेला असतो. मंगळवारच्या पेपरात मी जो डाऊ जोन्स, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, वाचतो तो एक तर शुक्रवारचा असतो, नाहीतर सोमवारच्या अर्ध्या खेळातला. दोन्हींपैकी कोणता, हे छापलेलं नसतं. ह्यात चूक कोणाची नाही, पृथ्वी गोल आहे त्याला संपादक तरी काय करणार. पण आकड्याखाली 'शुक्रवार, बंद भाव' किंवा 'सोमवार, रात्री ११ चा भाव' एवढे तीन-चार शब्द छापायला जागा किती लागते?

माझ्या पुतण्याचं थोडं सांगतो, कारण हा रोग एकट्या कापसाचा नाही. पोरगा बी.ए. झाला, चार एकर पाहतो आणि मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन घेतो, म्हणजे मुंबईच्या शेअर निर्देशांकाच्या चढउतारावर पैसे लावतो. आमची शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी द्यायला तो मोटारीपाशी शेकोटी करून बसतो आणि हातात अमेरिका उघडी असते. जानेवारीत एका रात्री मी त्याला डबा द्यायला गेलो तर स्प्रिंकलरचा एक नोझल निघून पडलेला, पाण्याची धार एकाच जागी उसळते आहे, दोन सऱ्यांमधला हरभरा लोळलेला, आणि हा लाल-हिरव्या काड्या पाहून ऱ्हायला.

"काका, गिफ्ट निफ्टी खाली हाय. सकाळी आपलं बी पडते."

गिफ्ट निफ्टी म्हणजे गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा वायदा. सकाळी ६.३० पासून मध्ये तासाभराची सुट्टी घेऊन मध्यरात्रीनंतर २.४५ पर्यंत चालतो. पूर्वी हा सौदा सिंगापूरला व्हायचा, जुलै २०२३ मध्ये इकडे आला. दुसऱ्या दिवशी ९.१५ ला मुंबई वर उघडली. तुरीचे आलेले पैसे त्या महिन्यात गेले. किती ते मी विचारलं नाही, त्याच्या आईनं विचारलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं स्वतः २०२४ मध्ये सांगितलं होतं की २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला. ते मी पुतण्याला वाचून दाखवलं. उरलेल्या सातांत तो स्वतःला मोजतो.

आपल्या शेअर बाजारातही वायदे-ऑप्शनसाठी संध्याकाळचं सत्र असावं, अशी मागणी एनएसई ह्या मुंबईच्या शेअर बाजारानं केली होती. दलालांचं एकमत होईना म्हणून सेबीनं ती २०२४ मध्ये बाजूला ठेवली. माझ्या मते बरंच झालं. टोकियोचा बाजार आजही दुपारी जेवायला एक तास बंद राहतो, हाँगकाँग तासभर, शांघाय दीड तास. एवढे पैसेवाले लोक, तरी भाकर खायला उठतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या जिनिंगमध्ये हमालांना जेवायला अर्धा तास सोडायचं म्हटलं तरी मालक घड्याळ पाहायचे.

तर मागणी अशी. भावाच्या पानावर तळाला एक छोटी चौकट रोज द्या. त्यात आपल्या घड्याळानं कोणता बाजार कधी उघडतो, कधी मिटतो आणि आज सुट्टी कोणाला. गेल्या सालचं कॅलेंडर उलटं करून मी स्वतःपुरता असा तक्ता केला आहे. पहाटे साडेपाच टोकियो, आमच्याकडे गाय पिळायची वेळ. सात वाजता हाँगकाँग आणि शांघाय. सव्वानऊ मुंबई, तोवर मजूर बाया शेतात पोचलेल्या असतात. लंडन उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. न्यूयॉर्क सात किंवा आठ, जेवणाच्या आगेमागे. ह्याशिवाय महिन्याच्या साधारण आठ ते बारा तारखेच्या दरम्यान अमेरिकेच्या कृषी खात्याचा पीक अंदाज येतो. तो उन्हाळ्यात आपल्या रात्री ९.३० ला, हिवाळ्यात १०.३० ला. त्या रात्री सोयाबीन, कापूस खरोखरच हलू शकतात, तेव्हा ती तारीख ठळक छापा. सोयाबीनवाल्यांना तर त्याची जास्त गरज. आपल्याकडचा सोयाबीनचा वायदा सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवला आणि पुढं ती बंदी वाढतच गेली. तेव्हापासून आमच्या पारावर शिकागोच्या नावानं कोणीही काहीही सांगतं.

आणखी एक दिवस विसरू नका. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या दिवशी तिथले शेअर, कापूस, सोयाबीन सगळे बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी "रातच्याले अमेरिका तुटली" म्हणत दारात आला, तर वहिनींच्या हातात छापील कागद पाहिजे. माझ्या तोंडी सांगण्याचं काय वजन ते त्या रविवारी दिसलंच.

तक्ता सोबत जोडला आहे. अक्षर दिवाणजीचं असल्यानं बारीक आहे, चष्म्याशिवाय लागणार नाही. जागेअभावी काटछाट केली तरी चालेल, हाँगकाँग गाळलं तरी माझी तक्रार नाही. मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार तेवढे ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दिवाणजी
ता. हिंगणघाट, जि. वर्धा