विषय : भरीव कोअरच्या मोल्डमधून स्लिप ‘ओतून टाकण्याच्या’ सल्ल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा पाचवा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला बसले. ऑर्डर नंबर, बिल, फोटो सगळं तुमच्याकडे आहे. दर फोनला ते पहिल्यापासून विचारून घेता, त्यामुळे एव्हाना पाठही झालं असेल.

आषाढात तुमच्याकडून तुळशी वृंदावनाचे तीन प्लास्टरचे मोल्ड, म्हणजे साचे, घेतले. प्रत्येकी ४,२०० प्रमाणे १२,६०० रुपये. बाहेरचे दोन भाग, मध्ये उभा भरीव कोअर म्हणजे आतला गाभा, वृंदावन उलटं कास्ट होतं आणि बुडाकडून स्लिप, म्हणजे पातळ केलेली माती, भरायची. तुमचाच माल आहे, जास्त समजावत नाही. तुळशीच्या लग्नासाठी साठ नगांची ऑर्डर घेतली होती. रोज तीन म्हणजे वीस दिवस, असा सरळ हिशेब. आजवर नऊ कास्ट केले. त्यातले आठ नग कोपऱ्यांत तडकले आणि नववं कोअर सोडायलाच तयार नाही.

कारणही मीच शोधलं, कारण तुमच्याकडून ते होणार नव्हतं. कोअरला व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन, लावला. तोंडाशी रुंदी ८२ मिलिमीटर, वर टोकाशी ८२ आणि मधोमध ८३.५. उतार नाहीच, उलट पोट आहे. माती सुकताना आक्रसते. त्यामुळे बाहेरचे भाग आपोआप सुटतात आणि आतला कोअर मात्र ती आवळून धरते. म्हणूनच कोअर टोकाकडे निमुळता लागतो आणि माती जरा धरली की लगेच मोकळा करावा लागतो. तुमचा कोअर लवकर काढा, उशिरा काढा, दीड मिलिमीटर दीड मिलिमीटरच राहतो. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या एका ओळखीच्या काकांकडे तो घेऊन गेले. त्यांनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘बेन, ये तो बीच में पेटवाला है, निकलेगा कैसे?’ व्हर्निअर नाही, तक्रार क्रमांक नाही, बावीस मिनिटं होल्डवर सनई नाही.

दुसरी गोष्ट, कोअर जागेवर बसवायच्या खाचा सैल आहेत. कोअर सरकतो, त्यामुळे एक भिंत ६ मिलिमीटर आणि समोरची १० येते. हेही कळवलं होतं. उत्तर नाही.

तुमच्या लोकांनी काय काय सुचवलं ते ऐका. आधी म्हणाले, मोल्ड ओला असेल. मुंबईचा पावसाळा मलाही माहीत आहे, भांडुपच्या गाळ्यात पंख्याखाली आठ दिवस ठेवून रोज वजन करत होते, वजन उतरायचं थांबल्यावरच पहिली स्लिप ओतली. मग ईमेल आली की मोल्ड ओव्हनमध्ये दीडशे अंशांवर सुकवा. अहो, साधारण तेवढ्याच उष्णतेला जिप्सम भाजून तुमची ती पांढरी पावडर बनते! पन्नासच्या वर नेलं की प्लास्टर भुसभुशीत व्हायला लागतं, हे प्लास्टर विकणाऱ्यांना मी सांगायचं? मग म्हणे स्लिप घट्ट असेल. एक लिटर वजन करून पाहिली, १,७८० ग्रॅम, हवं तेवढंच, आणि ती वाहती राहावी म्हणून सोडियम सिलिकेट मोजून घातलेलं. मग कोअरला तेल लावा. तेल लावल्यावर प्लास्टर पाणी शोषणार कुठून? आणि पाणी शोषायचं नसेल तर प्लास्टरचा मोल्ड कशाला, प्लास्टिकचा डबा काय वाईट?

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र तिसऱ्या फोनसाठी आहे.

तुमचा सीनियर एक्झिक्युटिव्ह होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही स्लिप जास्त वेळ ठेवताय. पंधरा मिनिटांनी ओतून टाका.’ मी विचारलं, कुठून ओतू? ‘मोल्ड उलटा करा.’ मी म्हटलं, यात कोअर आहे, भरीव, बाहेरचा साचा आणि कोअर यांच्यातली फटच वृंदावनाची भिंत होते, दोन्हीकडून पाणी शोषलं जातं, सगळी स्लिप घट्ट होऊन तिथेच राहायची असते. पातळी खाली गेली तर वरून भरच घालावी लागते. ‘हो मॅडम, पण एक्स्ट्रा स्लिप तर ओतावीच लागते ना.’ एक्स्ट्रा कुठली? ‘आतली.’ आत कोअर आहे! ‘हो, त्याच्या आतली.’ मी म्हटलं, कोअर भरीव आहे, दादा. दोन क्षण शांतता. मग तो म्हणाला, ‘मॅडम, घरात कोणी टेक्निकल माणूस असेल तर त्यांना फोन देता का?’

अकरा वर्षं मी मातीकाम करते. फोन दिला. घरात माझे सासरे होते, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मातीशी त्यांचा संबंध कुंडीपुरता. त्यांनी त्याचं सगळं पुन्हा ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अहो, भरीव आहे म्हणताय ना, मग ओतायचं काय, कपाळ?’ आणि फोन ठेवला. तुमच्या नोंदीत त्यानंतर लिहिलंय, ‘ग्राहकाचं शंकानिरसन केलं. तक्रार बंद.’

कोणाचं निरसन? सासऱ्यांचं?

आज पाचव्या फोनवर नवीन मुलगी होती. तिनेही पंधरा मिनिटांनी ओतून टाकायला सांगितलं. म्हणजे हे कुठेतरी छापून त्यांच्यासमोर ठेवलेलं आहे. कोअर नसलेल्या पोकळ मोल्डसाठी ते ठीक. ज्याने ते लिहिलं त्याने तुमचा हा मोल्ड कधी उघडून पाहिलेला नाही. वाईट याचंच वाटतं, कारण तुमचे आधीचे मोल्ड मी सहा वर्षं वापरलेत, गणपतीत दिव्यांचे शेकडो नग त्यांतून काढलेत, आणखी चारजणींना तुमचं नाव सुचवलंय. त्या चौघी आता माझ्याकडे बघून हसतात.

पंधरा दिवसांत १२,६०० रुपये परत करा आणि मोल्ड स्वखर्चाने घेऊन जा. बदली मोल्ड नको, त्याच मास्टरवरून, म्हणजे मूळ नमुन्यावरून, निघालेला कोअर तसाच पोटवाला येणार. ‘धंद्यासाठी घेतलंत, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ हेही सांगू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरतं काम करणारा माणूस २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, आणि तक्रार मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावायला मला कोणत्याही टेक्निकल माणसाची गरज नाही.

एक त्रस्त ग्राहक,
भांडुप, मुंबई

ता. क. : नववं वृंदावन अजून कोअरवरच आहे, आता हाडासारखं सुकलंय. मोल्ड न्यायला याल तेव्हा त्या सीनियर एक्झिक्युटिव्हला पाठवा. माझ्यासमोर आतली स्लिप ओतून दाखवू दे.