तालुक्यालाच बाद होणाऱ्या मुलांसाठी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शालेय क्रीडा स्पर्धांत तालुका पातळीवर मिळणारे सामने, मैदानाची आखणी आणि वयाच्या नोंदी यांबाबत.

महोदय,

आम्ही शाळांत शारीरिक शिक्षण शिकवणारे आणि तालुका-जिल्ह्याच्या मैदानांवर पंच म्हणून उभे राहणारे लोक आहोत. बक्षिसांच्या रकमा, संकुले, प्रबोधिन्या यांवर आपल्याकडे निवेदने येतच असतात. आमचे म्हणणे एकाच पायरीविषयी आहे. तालुका, विभाग आणि राज्य यांपैकी सर्वांत जास्त मुले तालुक्याला खेळतात, आणि त्यातली बरीचशी वर्षभरात एकच सामना खेळून परततात.

एखाद्या तालुक्यातून १४ वर्षांखालील मुलांच्या कबड्डीला २४ संघ आले असे धरू. बाद पद्धतीची (हरला तो बाहेर) भाग्यपत्रिका काढली की ८ संघांना पुढे चाल, म्हणजे न खेळता दुसऱ्या फेरीत प्रवेश, मिळते, १६ संघ पहिली फेरी खेळतात आणि २३ सामन्यांत विजेता ठरतो. पहिल्या फेरीत हरलेले ८ संघ तर एका सामन्यात संपलेच. पुढे चाल मिळालेले संघही दुसऱ्या फेरीत हरले तर ही संख्या १६ पर्यंत जाते. सामना १५-५-१५ मिनिटांचा. बारा मुलांच्या संघात सात जण मैदानात उतरतात, राखीव पाचांपैकी अनेकांचा पायही मैदानाला लागत नाही. शाळा उघडल्यापासून केलेला सराव, ठरवलेली जीप आणि पालकांची संमतीपत्रे, सगळे त्या ३५ मिनिटांसाठी.

याच २४ संघांचे तीन-तीनचे ८ गट करून साखळी खेळवा, म्हणजे गटातला प्रत्येक संघ बाकी दोघांशी खेळेल. गटात ३ सामने, म्हणजे २४, मग ८ गटविजेत्यांचे ७ सामने, एकूण ३१. बाद पद्धतीपेक्षा ८ सामने जास्त. अदलाबदल धरून एका सामन्याला पाऊण तास लागतो, म्हणजे सहा तास वाढले. मैदाने दोन असली तर तीनच तास. तीन तासांच्या बदल्यात प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. खर्च वाढतो तो पंचांच्या मानधनाचा आणि मुलांच्या जेवणाचा. हा खर्च शासनाने उचलावा, ही आमची पहिली मागणी आहे.

तीनच्या गटाची एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. शेवटच्या सामन्याला उतरणाऱ्या दोन संघांना तिसऱ्याचा हिशेब माहीत असतो आणि संगनमताला वाव राहतो. म्हणून पहिल्या सामन्यात हरलेला संघच दुसरा सामना तिसऱ्या संघाशी खेळेल, असा नियम हवा. मग शेवटच्या सामन्यात आधी जिंकलेला संघ असतो आणि त्याला गट अजून जिंकायचा असतो. वाव पूर्ण जात नाही, पण बराच घटतो. लागोपाठ खेळणाऱ्या संघाला मधे किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागेल. त्यासाठी दोन गट एका मैदानावर आलटूनपालटून खेळवले की जमते. गुण बरोबरीत आले तर गुणफरक, तोही बरोबर आला तर आपसातला निकाल, हे स्पर्धेआधी फलकावर लिहिलेले असावे. मैदानावरची भांडणे बहुतेक वेळा नियम उशिरा सांगितल्याने होतात.

दुसऱ्या सामन्याचे महत्त्व प्रशिक्षकाला विचारा. पहिल्या सामन्यात कोपऱ्यातला खेळाडू बोनस रेषेच्या फार पुढे येत होता, त्यामुळे चढाईपटू मागून सुटत होता, हे मुलाला सांगता येते. ते त्याच दिवशी पुन्हा करून बघता आले तरच अंगवळणी पडते. वर्षभराने सांगून उपयोग नसतो, तोवर मुलाचा वयोगटच बदललेला असतो.

याहून चांगला मार्ग जिल्हा परिषदेच्या केंद्ररचनेत, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या गटांत, तयार आहे. केंद्रातल्या ६ शाळा धरल्या तर साखळीचे १५ सामने होतात. पाच शनिवार, दर शनिवारी तीन सामने. शनिवारची शाळा सकाळची असते, गावे जवळ असतात, मुले सायकलवर येऊ शकतात. प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात आणि केंद्राचा विजेता तालुक्याला जातो. राखीव मुलांनाही प्रत्येक सामन्यात किमान एक डाव खेळवण्याची सक्ती या पातळीवर करता येईल. अडचण एकच: तालुका स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात. काळ्या मातीचे मैदान एका सरीत निकामी होते आणि संयोजक घाईने बाद पद्धतीवर येतात. तालुक्याच्या वेळापत्रकात पावसासाठी दोन राखीव दिवस धरले तर ही घाई टळेल.

आता मैदानी स्पर्धांबद्दल. इथे अन्याय मैदान आखायच्या फक्कीच्या (पांढऱ्या भुकटीच्या) रेषेत असतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. वळणावरून धावायच्या शर्यतीत बाहेरच्या मार्गिकेतल्या मुलाला पुढून सुरुवात द्यावी लागते. १.२२ मीटर रुंदीच्या मार्गिका असतील आणि आतली कड उंचावलेली नसून नुसती फक्कीची रेषा असेल, तर पूर्ण एका फेरीसाठी प्रत्येक मार्गिकेला आधीच्यापेक्षा ७.६७ मीटर पुढून सुरुवात येते. ट्रॅक ४०० मीटरचा असो की शाळेतला २०० मीटरचा, आकडा तोच राहतो, कारण तो मार्गिकेच्या रुंदीवर ठरतो. प्रत्यक्षात काय होते? मार्गिका एक मीटरची आखतात आणि पुस्तकातला ७.६७ तसाच लावतात. एक मीटरला हा फरक ६.२८ मीटर हवा. चौथ्या मार्गिकेतल्या मुलाला मग चार मीटरांहून जास्त फुकटची आघाडी मिळते, आणि पहिल्या मार्गिकेतला मुलगा कितीही जोरात धावला तरी मागे पडतो. प्रत्येक तालुका क्रीडा संयोजकाला ५० मीटरची पोलादी टेप आणि रुंदीनुसार फरकाचा एका पानाचा तक्ता द्या. कापडी टेप ओढली की ताणते, ती नको.

वेळेचेही तसेच. हातातल्या स्टॉपवॉचने १०० मीटरची वेळ बंदुकीच्या धुरावर सुरू करायची असते, आवाजावर नव्हे. शिट्टीवर शर्यत सोडली तर शेवटच्या रेषेवरच्या वेळाधिकाऱ्यापर्यंत आवाज जवळपास ०.३ सेकंद उशिरा पोहोचतो. वेगवेगळ्या प्राथमिक फेऱ्यांमधून वेळेवर अंतिम आठ निवडायचे असतील, तर शर्यत सोडण्याची पद्धत आणि वेळाधिकारी सर्व फेऱ्यांना तेच हवेत. नाहीतर क्रमांकावर निवड करा. लांब उडी आणि गोळाफेकीत प्रत्येकाला तीन प्रयत्न हा नियम आहे. वेळ नाही म्हणून तो एकावर आणू नये.

वयाच्या प्रश्नावर दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली फसवणूक. जन्मानंतर एका वर्षाने नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणून वर्षाच्या आत नोंदलेला जन्मदाखला पुरेसा मानावा, उशिराची नोंद असेल तर पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा मागवावा. पाचवीत जन्मतारीख एकदा सरल प्रणालीत (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत) पडताळून कुलूपबंद केली, की शाळा बदलून खालच्या वर्गात प्रवेश घेण्याचा उपयोग उरणार नाही. मनगटाच्या क्ष-किरणावर सरसकट भिस्त ठेवू नये. निरोगी मुलातही हाडांचे वय जन्मवयापेक्षा वर्षभर पुढे-मागे असू शकते, आणि निकाल चुकला तर प्रामाणिक मूल खोटे ठरते.

दुसरी गोष्ट फसवणुकीची नाही, तरी नुकसान तेवढेच करते. वयाची सीमा १ जानेवारी असल्याने जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. त्यात मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचे वय साधारण चौदा, मुलींचे बारा, आणि ते प्रत्येकाचे निराळे. तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा गोळा लांब फेकतो म्हणून निवडला जातो. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात, पण तोवर त्यांनी खेळ सोडलेला असतो. शाळांनी दर तीन महिन्यांनी उंची नोंदवावी. निवड समितीसमोर मुलाच्या नावापुढे जन्ममहिना आणि गेल्या वर्षातली उंचीची वाढ लिहिलेली असावी. उंची वेगाने वाढत असताना गुडघ्याखाली दुखते म्हणणाऱ्या मुलाला कामचुकार ठरवू नये. त्या काळात उड्यांचा सराव कमी करावा. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगमध्ये वजनात बसण्यासाठी मुले आदल्या दिवसापासून पाणी सोडतात. १४ वर्षांखालील गटात ही पद्धत कडकपणे बंद झाली पाहिजे.

पंच हा सहभागी शाळेचाच शिक्षक असणे आता थांबवा. शेजारच्या तालुक्याशी पंचांची अदलाबदल करायला प्रवासभत्त्यापलीकडे काही लागत नाही.

राहिले प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण त्याच्यावर अवलंबून आहे. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्याने पाहिली आहेत. पण खरी प्रमाणपत्रेही सारख्या किमतीची नसतात. एखाद्या खेळात तालुक्याला प्रतिस्पर्धीच नसतो आणि संघ पुढे चाल घेत थेट विभागाला पोहोचतो. कबड्डीतला मुलगा मात्र पाच सामने जिंकूनही जिल्ह्याला अडतो. प्रमाणपत्रावर ‘सहभागी संघ किती’ आणि ‘प्रत्यक्ष खेळलेले सामने किती’ असे दोन रकाने छापा. गुण देताना किमान सामन्यांची अट घाला.

कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला. त्याच ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे मात्र लष्करात भरती झाल्यावर स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. लष्करापर्यंत न पोहोचलेल्या मुलांची नोंद कुठेच नाही.

यंदा एका विभागातल्या काही तालुक्यांत केंद्राची शनिवार साखळी आणि तीन-तीनचे गट करून पाहावेत, खर्च आणि सामन्यांचा हिशेब जाहीर करावा. त्यासाठी भाग्यपत्रिका, वेळापत्रक आणि आखणीचा तक्ता बनवून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
ग्रामीण शाळांतील शारीरिक शिक्षण शिक्षक व पंच