वाइल्ड कार्ड कशासाठी?

हँडबॉल विश्वचषकाच्या पात्रतेवरील आपल्या क्रीडा पानावरचा लेख वाचला. वाइल्ड कार्डमुळे, म्हणजे पात्रता न मिळवलेल्या संघाला दिलेल्या थेट प्रवेशामुळे, स्पर्धेचा दर्जा टिकतो, हे त्यातील मत पटले नाही. यजमान आणि गतविजेते थेट पात्र ठरतात, इतरांनी खंडीय स्पर्धांमधून जागा मिळवायची, इथपर्यंत सारे स्वच्छ आहे. वाइल्ड कार्ड मात्र आंतरराष्ट्रीय महासंघ बैठकीत बसून देतो. २०१४ मध्ये जर्मनी पात्रता लढतीत पोलंडकडून दोन्ही सामने एकेका गोलाने हरला होता. तरीही ऑस्ट्रेलियाची जागा काढून घेऊन ती जर्मनीला देण्यात आली आणि जर्मन संघ २०१५ मध्ये कतारला खेळलाही.

हाच संघ २०१६ मध्ये युरोपचा विजेता झाला, म्हणून निर्णय योग्यच होता, असा युक्तिवाद केला जातो. माझ्या मते त्यातून एवढेच दिसते की युरोपातील पात्रता फेरी फार निर्दय आहे. त्यावर उपाय मैदानावरच हवा. ऑलिंपिकसाठी चार-चार संघांच्या तीन पात्रता स्पर्धा होतात आणि प्रत्येकीतून पहिले दोन संघ पुढे जातात. हरलेल्यांना तिथे दुसरी संधी मिळते, पण खेळून. २०२१ पासून विश्वचषकात २४ ऐवजी ३२ संघ असतात. एवढ्या जागा वाढल्यावर शेवटच्या एक-दोन जागांसाठी अशी छोटी स्पर्धा घेणे महासंघाला जड जाऊ नये.

— एक हँडबॉलप्रेमी वाचक