आधी कान तपासा, मग थोडे गप्प बसा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांना लवकर बोलते करण्यासाठी फ्लॅशकार्डे, मोबाइल ॲप आणि गाण्यांचे व्हिडिओ सुचवणारा मजकूर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर येतो. मुलांच्या वाचा-भाषेवर काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण त्या मजकुरात दोन प्रश्न हमखास सुटतात. मुलाला नीट ऐकू येते का? आणि घरात त्याला बोलायची पाळी मिळते का?

पहिल्या प्रश्नाला घरचे उत्तर तयार असते: "ऐकू येतं हो त्याला, ताट पडलं की दचकतो." ताट पडल्याचा आवाज एवढा मोठा असतो, की कानाने बऱ्यापैकी अधू असलेले मूलही दचकते. बोलण्यातले 'स', 'श', 'त', 'क' हे आवाज मात्र हलके आणि उंच पट्टीतले. ते कानापर्यंत पोचत नसतील तर मुलाला नुसते स्वर ऐकू येतात आणि ते बोलतेही तसेच. पाठीमागून टाळी वाजवून घेतलेली परीक्षा फसवीच. मुलाला सावली दिसते, हवेचा झोत लागतो, समोर बसलेल्या आईचा चेहराही वाचता येतो.

खरी तपासणी सोपी आहे. ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची बारीक नळी ठेवतात. दुखत नाही, काही मिनिटांत आटोपते. निकाल 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', असा आला तर घाबरून जाऊ नये आणि कागद कपाटातही ठेवू नये. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकट स्राव असतो, त्यामुळे चाचणी पुन्हा करावी लागते. ही पुन्हा करायची चाचणीच राहून जाते. दुसरे असे, की ओएई फक्त आतल्या कानाचे काम पाहते, मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे नाही. म्हणून जे बाळ अतिदक्षता विभागात राहिले किंवा ज्याची कावीळ फार वाढली होती, त्याची या नसेचेही काम पाहणारी बेरा चाचणी व्हायला हवी. बेरासाठी बाळ गाढ झोपलेले लागते. त्याला आधी जागे ठेवून आणावे आणि तिथे पोचल्यावर पाजावे, म्हणजे फेरी फुकट जात नाही. महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्रासह उपचार, असे वेळापत्रक जगभर मानले जाते.

जन्मवेळी 'पास' झालेला कान कायमचा पास नसतो. सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठते, मेंदुज्वर किंवा गालगुंडानंतर ऐकू येणे जाऊ शकते, काही आनुवंशिक दोष उशिरा दिसतात. त्यामुळे दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर "जन्मल्यावर तपासलं होतं" हे उत्तर पुरत नाही.

एवढी घाई का? १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मराठी वाचकांना सहज पटेल. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतला दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतला फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ओळखू येईना, कारण त्यांच्या घरच्या भाषेला त्या फरकाची गरज नव्हती. म्हणजे पहिला शब्द फुटायच्या आतच कानाने आपल्या भाषेचे आवाज निवडलेले असतात. ज्या बाळाला या काळात ऐकूच आले नाही, त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाची वाट पाहणे महागात पडते.

आता दुसरा प्रश्न. मुलांशी भरपूर बोला, हा सल्ला सगळेच देतात. पण एकसारखे बोलणाऱ्या घरात मुलाला तोंड उघडायला फट मिळत नाही. तीन महिन्यांचे बाळ 'आगू' म्हणाले की त्याच्याकडे बघून 'आगू' म्हणावे आणि थांबावे. ते पुन्हा काही म्हणते. ही देवाणघेवाण म्हणजेच संभाषण, शब्द नंतर येतात. साधारण सात ते दहा महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट व्यंजनांची बडबड सुरू होते. दहा महिने उलटूनही ती नसेल तर लगेच कान तपासावेत.

वर्ष ते तीन वर्षांच्या मुलासाठी पद्धत अशी. मुलाच्या उंचीला खाली बसा, तोंड दिसेल असे. ते ज्याच्याकडे बघते आहे त्याबद्दल बोला, तुमच्या मनातल्या वस्तूबद्दल नको. एक छोटे वाक्य बोला आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. आपण बहुतेक जण दोनपर्यंतही थांबत नाही. त्याने काहीही केले, बोट दाखवले, 'अं' म्हटले, अर्धा शब्द काढला, तरी ती त्याची पाळी झाली. त्यावर एक-दोन शब्द वाढवून परत द्या. ते 'माऊ' म्हणाले तर "माऊ आली". ते "माऊ आली" म्हणायला लागले की "माऊ दूध प्यायला आली". 'पापी' म्हणाले तर "हो, पाणी. थंड पाणी." चूक दाखवायची नाही, पुन्हा म्हणून घ्यायचे नाही. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला एवढे पुरे.

"हे काय आहे? म्हण ना, म्हण!" ही परीक्षा पाहुण्यांसमोर तर हमखास होते. त्याने मूल गप्प होते. एका प्रश्नामागे तीन-चार साधी विधाने, असे प्रमाण ठेवून पाहावे. "आधी म्हण, मग देते" ही अडवणूकही नको. त्यापेक्षा खाऊचा डबा घट्ट झाकणाचा ठेवा, म्हणजे मुलाला मदत मागावी लागते. "केळं हवं की बिस्किट?" असे दोन्ही दाखवून विचारा. बडबडगीताच्या ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांबा. मुलाने नुसते बोट दाखवले तरी शब्द आपण म्हणायचा आणि वस्तू द्यायची.

फ्लॅशकार्डांचा दोष असा की त्यांत नुसती नामे असतात. हत्ती, सफरचंद, विमान. तीस नामे पाठ असलेले मूल दोन शब्द जोडू शकत नाही, कारण जोडायला लागणारे शब्द त्याच्याजवळ नसतात: दे, नको, अजून, संपलं, गेला, पडला, उघड. "अजून दूध", "बाबा गेला", "पाणी नको" ही पहिली वाक्ये याच शब्दांवर उभी राहतात, आणि ते आंघोळीत, जेवताना, कपडे घडी करताना फुकट शिकवता येतात.

मंमं, भुर्र, भूभू, जोजो या शब्दांबद्दल उगीच अपराधी वाटून घेऊ नका. तेच अक्षर दोनदा येणारे, हेल काढून म्हटलेले शब्द बाळाला पकडायला सोपे जातात. मुद्दाम बोबडे बोलणे मात्र टाळा. तसेच घरात मराठी असताना मुलाशी तुटक इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढेच बोलण्याचा जो हट्ट वाढला आहे, तो आम्हाला अगदी नापसंत आहे. ज्या भाषेत तुम्ही रागावता, चेष्टा करता, गोष्ट सांगता, तीच भाषा मुलाला द्या. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. बंगळूरच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरातल्या मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत, एवढीच काळजी घ्यावी.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्याबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको. याचे कारण २००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या प्रयोगात दिसले होते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून मँडरिन भाषेचे आवाज उचलले, त्याच माणसांच्या चित्रफितीतून काहीच उचलले नाही. पडदा मुलासाठी थांबत नाही. घरात दिवसभर चालू असलेली मालिका कोणी बघत नसले तरी तिचा तोटा होतोच, कारण तेवढा वेळ मोठी माणसे मुलाशी कमी बोलतात.

उपायांबद्दल थोडक्यात. जिभेवर वेखंड उगाळून लावल्याने किंवा पोपटाचा उष्टा पेरू दिल्याने वाचा फुटत नाही. पेरूने नुकसान निदान नाही, पण वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जिभेखालचा पडदा कापून मूल बोलायला लागत नाही. दूध ओढता येत नसेल तर त्याचा विचार होतो, शब्द उशिरा येण्याचे ते कारण नव्हे. काकूला 'ताकू' आणि रामला 'लाम' म्हणणे तीन वर्षांच्या मुलात स्वाभाविक आहे. 'क' साधारण चारपर्यंत जागेवर येतो, 'र'ला पाच-सहा वर्षे लागू शकतात.

थांबू नये अशा खुणा वेगळ्या आहेत. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नाही. सव्वा वर्षाचे होऊनही काही दाखवण्यासाठी बोट करत नाही. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही. यांतले काही दिसले की तपासणी करावी. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. मुलगे थोडे उशिरा बोलतात हे खरे, पण तो फरक थोडाच असतो. "याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता" यावर दोन वर्षे घालवू नयेत. काही मुले आपोआप गाठतात, पण कोणती गाठतील हे घरी बसून ओळखता येत नाही.

आरोग्य खात्याकडे आमची मागणी साधी आहे. आशा सेविकांच्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना ठरलेल्या आहेत, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. त्या भेटींत वजन-लसीबरोबर वरच्या खुणाही विचाराव्यात, आणि कार्डावर श्रवण तपासणीची तारीख व निकाल ठळक लिहिण्याची सोय व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरहून झाली. त्याचे पथक मुले तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले मूल नेमके तेव्हा फडावर असते. कार्डावर 'पुन्हा तपासायचे' असे लिहिलेले असेल, तर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही कोणी तरी ते वाचेल.

शंका असलेल्या पालकांनी अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे केंद्र) चिठ्ठी मागावी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. जाताना जन्माची कागदपत्रे, आधीच्या चाचण्यांचे निकाल, घरी मोबाइलवर घेतलेले मुलाच्या खेळण्या-बोलण्याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण आणि ते म्हणत असलेल्या शब्दांची यादी सोबत न्यावी. अनोळखी खोलीत मूल बोलेलच असे नाही.

आपले,
वाचा-भाषा उपचार क्षेत्रातील काही कार्यकर्ते